तिघांचं एकमत

माझं काम नेमकं काय, हे आयर्लंडमध्ये आल्यापासून मी कुणालाही धड समजावू शकलेले नाही. इथली मराठी मंडळी बहुतेक सगळी सॉफ्टवेअरमधली. गणपतीची आरती झाली की एखादा नवा चेहरा विचारतो, "तू कुठल्या कंपनीत?" मी सांगते की मी कंपनीत नाही, एका अभ्यास-संस्थेत दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी दुरुस्त करते. तो म्हणतो, "म्हणजे बेसिकली स्पेलचेक?" मी हो म्हणते आणि मोदक घेते.

संस्था डब्लिनमध्ये आहे, लहान आहे आणि युरोपच्या धोरणांवर काम करते. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून इथल्या लोकांना आपण अचानक इंग्रजीचे वारसदार झालो असं वाटायला लागलंय. म्हणून बाहेरचे मसुदे भाषा तपासायला आमच्याकडे येतात, आणि आमच्याकडे आले की माझ्या टेबलावर येतात. म्हणजे काय म्हणायचं ते युरोपनं ठरवायचं आणि ते चुकीच्या इंग्रजीत म्हटलं जाऊ नये हे नागपूरच्या एका बाईनं पाहायचं. पहिली काही वर्षं मला याचा गर्व होता. आता आठवलं की हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही.

बाबा गेल्यापासून आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे संपावर. मी एकुलती एक. ती उन्हाळ्यात आमच्याकडे डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला यायची, तीन महिन्यांचा व्हिसा संपेपर्यंत राहायची आणि परत जायची. त्या तीन महिन्यांत घराला घरपण यायचं हे सांगायला नको. माझ्या मुलीला आजीचं सगळं मराठी समजायचं, उत्तर मात्र ती आयरिश इंग्रजीत द्यायची. आजीला त्यातलं 'ग्रँड', म्हणजे इथलं 'छान', तेवढं कळायचं आणि तेवढ्यावर दोघींचं भागायचं.

एकदा शेजारच्या बाईनं आईला सांगितलं की धुतलेले टॉवेल हॉट प्रेसमध्ये ठेवा, छान ऊबदार राहतात. इथे प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. नागपुरात प्रेस म्हणजे इस्त्री. आईनं घरातले सगळे टॉवेल काढून दुपारभर उभ्यानं इस्त्री केले, आणि मी घरी आल्यावर कंबर धरून म्हणाली, "या देशात टावेलालेही इस्त्री लागते का वं? काय एकेक थेरं लोकायची!" आम्ही पोट धरून हसलो. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर फार तर कंबर दुखते, अशीच माझी तेव्हा समजूत होती.

पुढच्या हिवाळ्यात आई नागपूरला न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि कामवाली येईपर्यंत ती ओल्या फरशीवर तशीच पडून होती. हे तिनं मला सांगितलं नाही. वर्ध्याच्या मावशीनं सांगितलं, आणि सांगताना तिनं मला आडून बोल लावला, तो रास्तच होता. मावशीचं घर बैठं आहे. पुढची खोली रिकामी होती, लागूनच न्हाणीघर होतं. ती आईला म्हणाली, "ये राहायले. कायमची ये." आई आधी मला विचारते म्हणाली.

इथे नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला आपल्या आईबापाला कायमचं आणायचं असेल तर अटींचा डोंगर चढावा लागतो. आम्ही दोघंही कमावतो, नवरा डब्लिनच्या टॅला भागात हॉस्पिटलच्या आयटीत आहे, तरी आम्ही त्या अटींत बसत नव्हतो. दोन वकिलांना विचारून झालं होतं. दोघांनीही फार सहानुभूती दाखवली.

आणि नेमका तेव्हाच तो मसुदा आला.

जर्मनी, फ्रान्स आणि पोलंड यांनी तिघांनी मिळून बसायची रीत जुनी आहे. एका जर्मन शहराच्या नावानं तिला त्रिकोण म्हणतात. तिघांचं जमलं की बाकीचा युरोप पुढेमागे मान डोलावतो, अशी त्यामागची आशा. या खेपेला तिन्ही देशांतल्या एकेका अभ्यासगटानं एकत्र येऊन परदेशी कामगारांच्या म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल एक समान धोरण सुचवायचं ठरवलं होतं. आयर्लंड अशा बाबतींत आधी काठावर उभा राहतो आणि दुसरे बुडत नाहीत हे बघून मग पाण्यात पाय घालतो. पण आमच्या संस्थेचा प्रमुख म्हणाला की हे तिघं उतरले तर आपणही उतरू. ते काम मी मागून घेतलं. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तीन तिघाडा, काम बिघाडा." मी म्हटलं, अगं ही शिकलेली माणसं आहेत.

माणसं खरंच शिकलेली होती. जर्मन बाई दर बैठकीला स्वतःच्या चहाचा डबा घेऊन यायची आणि हॉटेलच्या चहाकडे पोलिसी नजरेनं बघायची. फ्रेंच प्राध्यापक वाक्य सुरू करायचा तेव्हा त्याचं क्रियापद कुठे येणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. पोलंडचा वकील बहुतेक वेळ गप्प असायचा आणि सगळं ठरलं असं वाटलं की नेमकं तेव्हा घसा खाकरायचा. त्याच्या त्या खाकरण्यानं दोन बैठका वाया गेल्याचं मी पाहिलंय.

म्हातारं कुणाला म्हणायचं यावरच किती दिवस गेले. जर्मन बाईला ठरावीक वय हवं होतं. प्राध्यापकाला 'असेंडंट्स' हा शब्द हवा होता, कारण त्यांच्या कायद्यात आईबाप आणि आजीआजोबा सगळ्यांना मिळून तसं काहीतरी म्हणतात. इंग्रजीत तो शब्द वाचला की जिना चढणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. माझ्या आईचे गुडघे आठवून मी तो खोडला. वकिलाचा आक्षेप 'अवलंबून असलेले आईवडील' यालाच होता. तो म्हणाला, "माझी आई माझ्यावर अवलंबून नाही. उलट आहे." बाकीचे हसले, पण त्यानं आक्षेप मागे घेतला नाही.

तिघांच्याही इंग्रजीत काही चुका सारख्याच असायच्या. तिघंही 'अ‍ॅक्च्युअल' लिहायचे आणि त्यांना म्हणायचं असायचं 'सध्याचा'. 'कंट्रोल' लिहायचे आणि म्हणायचं असायचं 'तपासणी'. हे शब्द मी पहिल्या महिन्यातच ओळखले. असला शब्द आला की वाक्य लंगडतं, आणि लंगडतं वाक्य मला लांबूनही दिसतं. त्या दुरुस्त्या करताना मला जरा जास्तच आनंद व्हायचा, हेही खरं.

शेवटून दुसऱ्या कलमात एक वाक्य होतं. त्याचा मराठीत अर्थ असा: सहभागी राष्ट्रं अशा आईवडिलांना 'इव्हेंच्युअली' कायम राहण्याचा हक्क देतील. ते वाक्य कुठेच लंगडत नव्हतं. व्याकरण चोख, शब्द जागच्या जागी. इव्हेंच्युअली म्हणजे शेवटी. उशिरा का होईना, पण नक्की. मला इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकानं हेच शिकवलं होतं आणि आयर्लंडमधलं शेंबडं पोरही तेच सांगेल. संपादक म्हणून मी त्या वाक्याला हात लावला नाही, आणि मुलगी म्हणून ते पाठ केलं. बसमध्ये, भांडी घासताना, मी ते मनात म्हणत असे. आजवर मी तपासलेल्या हजार मसुद्यांत माझं स्वतःचं काही असलेलं हे एकच वाक्य होतं.

आईनं विचारलं, "मावशीले काय सांगू? ती थांबून राहिली."

मी म्हटलं, "नको म्हणून सांग. इकडचं होणार आहे. वेळ लागेल, पण होणार आहे."

"पक्कं नं?"

"पक्कं. मी स्वतः वाचलंय."

आईनं मावशीला सांगितलं की माझी पोरगी मला नेणार आहे. मावशीला ते जरा लागलं, आणि तिनं ती खोली आपल्या विधवा नणंदेला दिली. आईनं बाबांचं कपाट रिकामं केलं. पितळेची भांडी शेजारच्या सुनांना वाटून टाकली. दरवर्षी ती वर्षाचे गहू भरायची, तेही थांबवलं, किराण्यातून थोडंथोडं आणायला लागली. कामवाली काही म्हणाली की तिला ऐकवायची, "कशाले भरू बाई? मले तं जायचंच आहे." मी इकडे खालची बैठकीची खोली तिच्यासाठी कशी करायची याची मापं घेत होते. नवरा म्हणायचा, "अगं आधी फायनल तर होऊ दे यार." मी त्याला 'इव्हेंच्युअली'चं इंग्रजी शिकवायचे.

शेवटची बैठक विमानतळाजवळच्या हॉटेलात झाली, म्हणजे पाहुण्यांना सकाळी उतरून संध्याकाळी परत उडता येईल. आमच्या घरापासून ते हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर. मी साडी नेसून गेले होते. का, ते मलाच माहीत नाही. घरचं कार्य असल्यासारखं वाटत होतं. मसुदा मोठ्या पडद्यावर लावला होता आणि कीबोर्ड माझ्यापुढे होता. कलमामागून कलम संमत होत गेलं. त्या कलमापाशी आल्यावर आमचा प्रमुख म्हणाला, "इथे एक छोटा प्रश्न. या इव्हेंच्युअलीला तारीख घालायची का? पाच वर्षं, दहा वर्षं?"

जर्मन बाईनं चहाचा कप खाली ठेवला. "तारीख कशी घालणार? इव्हेंच्युअली लिहिलंय ना."

"म्हणूनच विचारतोय. शेवटी म्हणजे कधी?"

"शेवटी?" ती म्हणाली. "शेवटी कुणी म्हटलं? इव्हेंच्युअली. म्हणजे झालंच तर."

"परिस्थिती तशी आली तर," प्राध्यापक म्हणाला. हे त्याचं मी ऐकलेलं सगळ्यांत आखूड वाक्य.

प्रमुखानं आणि मी वकिलाकडे पाहिलं. त्यानं घसा खाकरला नाही. तो म्हणाला, "किंवा नाहीसुद्धा."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. जर्मनमध्ये इव्हेंटुएल, फ्रेंचमध्ये एव्हाँतुएलमाँ, पोलिशमध्ये एवेन्तुआलनिए. तिन्हींचा अर्थ एकच: कदाचित, जमलं तर. तिघांनी आपापला शब्द इंग्रजीत आणला होता, तिघांनी एकमेकांचा बरोबर ओळखला होता आणि त्यावर कधी वाद झालाच नव्हता. वयावर भांडले, शब्दांवर भांडले, स्वल्पविरामावरसुद्धा भांडले. तेवढ्या एका शब्दावर पहिल्या दिवसापासून तिघांचं एकमत होतं. ते लक्षात येऊन तिघं एकमेकांकडे बघून हसले. इतक्या बैठकांत तिघांना एकाच वेळी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी विचारलं, "मग 'विल' कशाला लिहिलं? देतील, असं स्पष्ट लिहिलंय."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण जर्मन बाई फार मऊपणे म्हणाली, "पण पुढे इव्हेंच्युअली आहे. त्यानं तो 'विल' तितकासा राहत नाही." आणि मग, अगदी प्रामाणिकपणे, "भाषा तुम्हीच तपासली होती ना? आम्हाला वाटलं बरोबर आहे."

या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. तिची चूक नव्हती हे कळतं, तरी जात नाही. मी पुण्यात इंग्रजीत एम.ए. केलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची भाषा त्यांच्याहून चोख यावी म्हणून आमच्या दोन पिढ्यांनी ऊर फुटेस्तोवर घोकंपट्टी केली. आणि इथे तीन देशांनी मिळून एक चुकीचं इंग्रजी तयार केलं होतं, त्यात ते एकमेकांना लख्ख समजत होते, आणि बरोबर इंग्रजी येणारे आम्ही दोघं तेवढे बाहेर उभे होतो. त्यातही प्रमुखाचं काहीच गेलं नव्हतं. त्याची आई कॉर्कला त्याच्या बहिणीच्या शेजारी राहते.

प्रमुख हसून म्हणाला, "ग्रँड. नो हार्म डन. जरा मऊ करून घेऊ या." आणि माझ्याकडे वळून, "तू करशील ना?"

मी केलं. करायचं नाही असं ठरवून उठून जायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं, पण त्यामुळे निकाल बदलला नसता, फक्त टायपिंग दुसऱ्या कुणी केलं असतं. 'देतील' खोडलं. 'इव्हेंच्युअली' खोडलं. 'जिथे योग्य वाटेल तिथे देऊ शकतील' असं लिहिलं. भाषा उत्तम होती. पडद्यावर सगळ्यांनी ते वाचलं, माना डोलावल्या, आणि जॅम लावून खायचे स्कोन आले. जर्मन बाईनं मला जॅम पुढे करायला सांगितला. मी केला.

कॉफीच्या टेबलाशी पोलिश वकील माझ्याजवळ आला. त्यानं माझा चेहरा पाहिला असणार. "तुमची आई कुठे असते?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "माझीही एकटीच असते. पण तिला सांगितलं की ती बसमध्ये बसते आणि येते." तो चांगल्या मनानं बोलत होता. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत तोच एक मनानं चांगला होता, आणि मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला. त्याच्या आईला त्रिकोणही लागत नव्हता आणि कलमही.

घरी आले तर मुलगी स्वयंपाकघरात टोस्ट खात होती. तिला शाळेत जर्मन आहे. मी काही विचारलं नव्हतं, साडीचा पदर सोडवता सोडवता नुसती संतापानं बोलत होते. ती म्हणाली, "इव्हेंटुएल? दॅट्स अ फॉल्स फ्रेंड, मम्मी. वुई डिड दॅट एजेस अगो." दिसायला ओळखीचे आणि अर्थानं परके अशा शब्दांना भाषेच्या वर्गात खोटे मित्र म्हणतात. मलाही ते ठाऊक होतं. 'अ‍ॅक्च्युअल'ला मी महिनोन्‌महिने तसंच म्हणत आले होते. तिच्यावर ओरडण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी ओरडले. ती टोस्ट घेऊन वर निघून गेली.

नवरा म्हणाला, "आईंना डायरेक्ट सांगून टाक. घुमवू नको. उगाच आशेवर कशाला ठेवायचं?" त्याचं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसांनी त्या दिवशी मला नुसता उच्छाद आणला होता.

रविवारी आईला फोन लावला. तिची संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. मी सगळं सांगितलं, जर्मन बाई, प्राध्यापक, वकील, तो शब्द. सांगून संपल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ते नाही म्हणून राहिले का?"

"नाही, असं नाही म्हणत."

"मग हो म्हणतात?"

"हो पण म्हणत नाहीत, आई."

"असं कुठी असते का?" ती म्हणाली. "मोठाले मोठाले लोकं, तीन देशायचे, अन् एक शब्द धड बोलता येत नाही त्यायले." तिचं हसणं कोरडं होतं. मावशीच्या खोलीबद्दल ती काही बोलली नाही, आणि त्याबद्दल तिनं मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, दुसरा काही मार्ग निघतो का बघते, पुन्हा एका वकिलाला विचारते, धोरणं बदलत असतात.

ती म्हणाली, "धोरण राहू दे. मी काय म्हणते, तूच येतं का इकडे? कायमची नाही म्हणत मी. वर्षभर. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतो. मंग चालाफिराले लागली का जाजो परत."

तिनं मला आजवर काही मागितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही 'थांब' म्हणाली नव्हती. आणि माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं येऊन उभं राहिलं: मुलीची लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, पुढच्याच वर्षी, संस्थेत वर्षभराची रजा मागितली तर जागा राहते की जाते, माझा स्वतःचा इथल्या पासपोर्टचा अर्ज, ज्याला देशाबाहेर राहिलेलं चालत नाही. सगळी कारणं खरी होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या घरातली बाई गाडीतून आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून उतरवत होती, रविवारच्या जेवणाला.

"बघू," मी म्हटलं.

पलीकडे आईच्या मागे टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे समजलं मले. हे मराठीत आहे." आणि तिनं फोन ठेवला.